रात्रपाळीला कळेल असा अलर्ट

वाचकांचे प्रश्न : संगणक आणि नेटवर्क

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, मी ऑफिस सांभाळतो. ऑफिसात एक सर्व्हर आहे. स्टॉक, बारकोड, बिलं सगळं त्याच्यावर. फोल्डिंग खात्यात दोन पीसी, हजेरीचं मशीन आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. भाच्यानं सुट्टीत येऊन अप्टाइम कुमा बसवून दिलं, म्हणजे यंत्रं चालू आहेत का यावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम. सगळ्यांना दर मिनिटाला पिंग, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक, जातो आणि उत्तर आलं नाही की टेलिग्रामच्या ग्रुपवर मेसेज येतो. पण एका रात्रीत वीस-पंचवीस मेसेज येतात. ‘डाऊन’, ‘अप’, परत ‘डाऊन’. सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. गेल्या महिन्यात सर्व्हर खरोखर बंद पडला, ते सकाळी साडेनऊला मी कुलूप उघडल्यावर कळलं. दारात गाडी भरायला उभी आणि चलन निघेना. वॉचमनलाही मेसेज जातो, पण तो म्हणतो, ‘इंग्रजीत असतंय, मला काय कळणार?’ काय बदलू?
– टॉवेल कारखान्यातील एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमच्या वॉचमनचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पिंग किती वेळानं पाठवायचा, किती वेळा वाट बघायची, हे सगळं अर्ध्या तासात बसतं. मेसेजमध्ये काय लिहायचं याला मात्र दोन-तीन दिवस द्यावे लागतात, आणि ते बहुतेक जण देत नाहीत.

मीही दिले नव्हते. आठेक वर्षांपूर्वी शहरातल्या एका दवाखान्यात मी असंच मॉनिटरिंग बसवलं, लॅबचे रिपोर्ट ज्या सर्व्हरवर असायचे त्याच्यासाठी. प्रोग्राममध्ये आयता मजकूर होता तोच राहू दिला. यंत्राचा नंबर आणि पुढे ‘क्रिटिकल’. एका रात्री एकच्या सुमारास हा मेसेज ड्यूटीवरच्या सिस्टरच्या फोनवर गेला. दवाखान्यात क्रिटिकल म्हणजे पेशंट. ती आयसीयूत धावली, तिथं सगळे ठीक. मग वॉर्ड पालथे घातले, मग डॉक्टरांना उठवलं. पाऊण तास ही धावपळ चालली, आणि झालं होतं काय, तर सर्व्हरच्या मागची नेटवर्कची वायर सैल झाली होती. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, ‘मॅडम, रिपोर्टचं मशीन बंद पडलं, एवढंच लिहिता आलं नसतं का?’ तेव्हापासून आयता मजकूर मी एकाही ठिकाणी ठेवलेला नाही.

आता तुमच्याच शेडमध्ये जाऊन रॅपियर मागाच्या खांबावरचे दिवे बघा. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की त्याच्यावर टांगलेली पत्ती (ड्रॉपर) खाली पडते, माग थांबतो आणि एका रंगाचा दिवा लागतो. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की दुसऱ्या रंगाचा. विणकर चार माग पलीकडून नुसता दिवा बघतो आणि मागाच्या मागच्या बाजूला जायचं की पुढच्या, हे चालता चालताच ठरवतो. तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजनं नेमकं हेच करायला हवं. सध्या तो फक्त ‘कुठलातरी माग थांबला’ एवढं सांगतोय, तेही परक्या भाषेत.

सध्या तुम्हाला साधारण असा मेसेज येत असेल : ‘एसआरव्ही-०१ डाऊन, १९२.१६८.१.१०, रिक्वेस्ट टाइम्ड आउट.’ त्याच्या जागी हे ठेवा :

‘ऑफिसचा सर्व्हर बंद. रात्री २:१४ पासून उत्तर नाही. बारकोड आणि चलन थांबेल, माग चालू राहतील. ऑफिसातल्या बॅटरीच्या डब्यावर हिरवा दिवा आहे का बघा. नसेल तर भिंतीवरचं बटण बघा. असेल तर कशालाही हात न लावता ऑफिसला फोन करा.’

यातलं ‘माग चालू राहतील’ हे वाक्य मी मुद्दाम लिहिते. काय थांबलं हे सगळेच लिहितात, काय थांबलेलं नाही हे कोणी लिहीत नाही. रात्री दोनला माणूस आधी घाबरतो. शेड चालू आहे, पाळी चालू आहे, हे समजलं की पुढचं शांतपणे वाचतो. शेवटचं वाक्यही तितकंच महत्त्वाचं. हात लावू नका, असं स्पष्ट सांगितलं नाही तर मदतीच्या भावनेनं कोणीतरी पॉवरचं बटण दाबून धरतं. डेटाबेस चालू असताना असं झालं तर दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

‘बॅटरीचा डबा’ हा शब्द माझा नाही. गेल्या वर्षी चिंचोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हाच मेसेज लिहिताना मी ‘यूपीएस’ लिहिलं होतं. दुपारी चारला वॉचमनमामांना फोन हातात धरायला सांगितला आणि मी सर्व्हरची वायर काढली. चौथ्या मिनिटाला मेसेज वाजला. मामांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. ‘यूपीएस’वर बोट थांबलं. मी दाखवलं तेव्हा म्हणाले, ‘हा होय, बॅटरीचा डबा!’ तिथल्या तिथं शब्द बदलला. परत वायर काढली, परत वाचायला लावलं. या वेळी ते वाचत वाचतच ऑफिसच्या दिशेनं निघाले होते. तुम्हीही असंच करा. ज्याला मेसेज जाणार त्याच्यासमोर, दिवसाउजेडी, खरी वायर काढून. घरी तेलुगू बोलणाऱ्या आणि मराठी सावकाश वाचणाऱ्या कामगाराला मेसेज जाणार असेल तर त्यालाही वाचायला लावा. वाक्यं आणखी आखूड करावी लागतील, पण ती करायलाच हवीत.

अप्टाइम कुमात हे कसं बसवायचं? सगळ्यात सोपी गोष्ट आधी : प्रत्येक मॉनिटरला (पडदा नव्हे, प्रोग्राममधली एकेका यंत्रावर लक्ष ठेवणारी नोंद) जे नाव दिलेलं असतं ते मेसेजमध्ये जसंच्या तसं येतं. ते नावच मराठीत आणि कामाचं ठेवा. ‘एसआरव्ही-०१’ काढून ‘ऑफिस सर्व्हर (बारकोड, चलन)’ लिहा. एवढ्यानंच अर्धा फरक पडेल. पूर्ण मजकूर हवा असेल तर नव्या आवृत्तीत टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये आपला मजकूर लिहायची सोय आहे, आणि बंद झालं तर हा मजकूर, चालू झालं तर तो, अशी अटही घालता येते. प्रत्येक मॉनिटरला वेगळं नोटिफिकेशन जोडता येतं, त्यामुळे सर्व्हरचा मजकूर वेगळा आणि डीव्हीआरचा वेगळा ठेवा. चालू झाल्याचा मेसेज अगदी छोटा हवा : ‘सर्व्हर पुन्हा चालू, २:३१.’ फोन न उघडता, पडद्यावरच वाचून परत झोपता आलं पाहिजे.

आता त्या वीस-पंचवीस मेसेजचं. तुमच्या भाच्यानं बहुधा एक पिंग चुकला की लगेच मेसेज, असं ठेवलं आहे. एखादं पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, हरवणं ही नेटवर्कमध्ये रोजची गोष्ट आहे, त्यात बिघाड काही नाही. सेटिंगमध्ये ‘रिट्राइज’ म्हणून जागा आहे तिथं ३ लिहा. दर ६० सेकंदांनी तपासणी आणि लागोपाठ चार वेळा उत्तर नसेल तरच मेसेज. म्हणजे बिघाड तीन-चार मिनिटं उशिरा कळेल. टॉवेलच्या कारखान्यात तीन मिनिटांनी काही बिघडत नाही, खोट्या मेसेजनं मात्र सगळं बिघडतं. एकदा म्यूट केलेला ग्रुप कोणी परत उघडत नाही.

मेसेज एकदम चार यायचं दुसरं कारण फोल्डिंगचा स्विच, म्हणजे तिथल्या यंत्रांच्या नेटवर्कच्या वायरी जोडणारा डबा, असू शकतो. तो बंद पडला की दोन पीसी, हजेरी, डीव्हीआर सगळेच ‘बंद’ दिसतात. खरं तर एकच वस्तू बंद असते. नागिओस या दुसऱ्या मॉनिटरिंगच्या प्रोग्राममध्ये यासाठी ‘पेरेंट’ ठरवता येतो, म्हणजे हे यंत्र त्या स्विचच्या मागे आहे असं सांगता येतं, मग मागच्यांना तो ‘डाऊन’ न म्हणता ‘अनरीचेबल’ म्हणतो. झॅबिक्समध्येही असं अवलंबून असणं लिहिता येतं. तुम्हाला एवढ्यासाठी प्रोग्राम बदलायची गरज नाही. तुमचा स्विच साधा आठ पोर्टचा असेल तर त्याला स्वतःचा पत्ताच नसतो, पिंग करणार कशाला? मग त्याच्या मागची जी वस्तू कोणी कधी बंद करत नाही, म्हणजे हजेरीचं मशीन, तिलाच स्विचचा साक्षीदार करा. तिचा मजकूर असा : ‘फोल्डिंगचं नेट बंद. पीसी आणि कॅमेरेही दिसणार नाहीत. भिंतीवरच्या स्विचचे दिवे बघा.’ आणि फोल्डिंगचे पीसी मॉनिटरिंगमधून सरळ काढून टाका. पाळी संपल्यावर मुली ते बंद करून घरी जातात, त्याचा मेसेज कशाला हवा?

पिंगला काय कळतं आणि काय कळत नाही, हे मात्र नीट समजून घ्या. अमेरिकन लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात तो लिहिला आणि पाण्याखाली शोध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला नाव दिलं. आवाज सोडायचा, प्रतिध्वनी आला तर समोर काहीतरी आहे. एवढंच. सर्व्हरचा डेटाबेस अडकून बसला असला, डिस्क भरली असली तरी पिंगला उत्तर व्यवस्थित येतं, कारण ते उत्तर विंडोज किंवा लिनक्स परस्पर देतं, तुमच्या बारकोडच्या प्रोग्रामला विचारतही नाही. म्हणून पिंगच्या जोडीला त्याच सर्व्हरवर टीसीपी पोर्टचा, म्हणजे डेटाबेस ज्या नंबरच्या दारावर उत्तर देतो त्याचा, एक मॉनिटर लावा. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर पोर्ट सहसा ३३०६, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असेल तर १४३३. मग दोन बिघाड वेगळे दिसतील. पिंगही नाही आणि पोर्टही नाही, तर वीज, वायर किंवा मशीन. पिंग आहे पण पोर्ट नाही, तर मशीन जिवंत, प्रोग्राम अडकलाय. दुसऱ्या प्रकारात वॉचमन काही करू शकत नाही, त्याला तो मेसेज पाठवूच नका. तो तुम्हाला आणि सॉफ्टवेअरवाल्याला जाऊ दे. रात्री फोल्डिंग चालत नसेल तर तो आवाज न करता पाठवायची सोयही टेलिग्रामच्या सेटिंगमध्ये आहे.

तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही : अप्टाइम कुमा चालतंय कुठे? ग्रुपमध्ये मागे जाऊन त्या रात्रीचे मेसेज बघा. सर्व्हर बंद पडल्याचा मेसेज तिथं असेल तर तो फक्त म्यूटमुळे कोणाला दिसला नाही. अजिबातच नसेल, तर भाच्यानं ते बहुधा त्याच सर्व्हरवर बसवलं आहे. सर्व्हर गेला तेव्हा ओरडणाराही त्याच्याबरोबर गेला. मग ते तिथून उचला. एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक पुरतो. तो आणि इंटरनेटचा राऊटर दोन्ही यूपीएसवर घ्या, नाहीतर वीज गेल्यावर मेसेज लिहिला जाईल पण कारखान्याबाहेर पडणार नाही. आणि जागा निवडताना तुसांचा विचार करा. फोल्डिंगशेजारच्या खोलीत ठेवलेल्या एका सर्व्हरचा पंखा मी गेल्या मे महिन्यात उघडला होता. पात्यांवर सुताच्या तुसांचा असा थर होता की बोटानं धरून अख्खा निघाला, नमद्यासारखा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात असं मशीन तापून आपोआप बंद पडतं किंवा मधेच रीस्टार्ट होतं. तुमचे ‘डाऊन’, ‘अप’ दुपारी जास्त येत असतील तर सेटिंगआधी पंखा बघा.

लाइटही गेली, यूपीएसही संपला, तर? मग आतून कोणीच मेसेज पाठवू शकत नाही. त्यासाठी बाहेर कोणीतरी बसलेलं हवं. भाच्याच्या घरी किंवा भाड्याच्या छोट्या क्लाउड मशीनवर दुसरं अप्टाइम कुमा ठेवा आणि त्यात ‘पुश’ प्रकारचा मॉनिटर करा. बाहेरून तुमच्या कारखान्याला पिंग करायला जाऊ नका. बऱ्याच ब्रॉडबँडमध्ये एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, उत्तर दुसरंच कोणी देतं आणि आपल्याला वाटतं सगळं चालू आहे. पुशमध्ये उलट असतं : कारखान्यातून दर पाच मिनिटांनी ‘मी आहे’ अशी हाक बाहेर जाते. हाक आली नाही की बाहेरचा मेसेज करतो : ‘कारखान्याशी संपर्क तुटला. वीज किंवा इंटरनेट. रात्रपाळीच्या मुकादमांना फोन करा.’ हा मेसेज वॉचमनला नको, तुम्हाला आणि मालकांना हवा. वॉचमन तर अंधारातच बसलेला असेल, त्याला सांगायची गरज नाही.

आणि संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद ठेवता तेव्हा मेन स्विच पाडण्याआधी मॉनिटरिंगमध्ये मेंटेनन्सची वेळ टाकून ठेवा. नाहीतर नंदीध्वजांच्या मिरवणुकीत प्रत्येकाचा खिसा वाजत राहील आणि ग्रुप परत म्यूट होईल.

प्रश्न : होटगी रोडला आमचा टायपिंगचा क्लास आहे, बारा पीसी. विंडोजवर एक बॅच फाइल (आज्ञांची यादी असलेली फाइल) केली आहे, ती पिंग करून ‘चालू’ किंवा ‘बंद’ असं लिहिते. पण समोर पीसी बंद दिसतोय आणि फाइल ‘चालू’ म्हणते. एका पीसीचं उलट, तो चालू आहे तरी ‘बंद’. फाइल चुकली का?
– क्लासचालक

उत्तर : फाइल चुकलेली नाही, तिचा विंडोजच्या पिंगवर विश्वास जास्त आहे. एकाच नेटवर्कमधला पीसी बंद असेल तर तुमचाच पीसी स्वतःला उत्तर देतो : ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल.’ विंडोज हेही ‘उत्तर आलं’ असंच मोजतं आणि एररलेव्हल (काम झालं की चुकलं हे सांगणारा आकडा) शून्य, म्हणजे ‘ठीक’, देतं. पिंग चालवून ओळ नीट वाचा. ‘रिप्लाय फ्रॉम’ पुढचा पत्ता समोरच्या पीसीचा नसेल, तुमचाच असेल. उपाय सोपा आहे. एररलेव्हलवर जाऊ नका, पिंगच्या उत्तरात ‘टीटीएल’ ही अक्षरं आहेत का ते ‘फाइंड’ या कमांडनं शोधा. खरं उत्तर असेल तरच ती येतात.

चालू असून ‘बंद’ दिसणाऱ्या पीसीची फायरवॉल पिंग अडवत असणार. त्याचं नेटवर्क ‘पब्लिक’वर आहे का बघा, असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. मग फायरवॉलच्या आत येणाऱ्या नियमांमध्ये ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’च्या नावाखाली ‘एको रिक्वेस्ट’चा आयसीएमपी व्ही ४ चा नियम आहे, तो चालू करा. अख्खी फायरवॉल बंद करू नका, मुलं पेनड्राइव्ह लावतात.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत शाखेचा सर्व्हर बंद पडला की व्यवस्थापकांना मराठीत एसएमएस जावा असं संचालकांनी ठरवलं. मजकूर इंग्रजीत होता तेव्हा एकच एसएमएस जायचा, मराठीत केल्यावर त्याचे तीन एसएमएस लागतात आणि तिप्पट पैसे. शिवाय कधी कधी जातच नाही.
– पतसंस्था कर्मचारी, बार्शी

उत्तर : इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यापेक्षा लांब झाला की तुकडे होतात आणि मग प्रत्येक तुकड्यात ६७ च. मोजताना काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं धरलं जातं. ‘सर्व्हर’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा वाटतो, एसएमएसला तो सात पडतो. म्हणून मजकूर आखूड करा. हा बघा : ‘शाखेचा सर्व्हर बंद १०:४० पासून. राऊटरचा दिवा पहा, मग फोन करा.’ मोकळ्या जागा धरून ६१. एका एसएमएसमध्ये बसतो. संस्थेचं नाव मजकुरात घालायचं असेल तर उरलेल्या ९ मध्येच बसवावं लागेल.

न जाण्याचं कारण बहुधा वेगळं आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनंतर संस्थेच्या नावानं जाणाऱ्या एसएमएसचा मजकूर डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो. फक्त बदलत्या जागा, म्हणजे तुमच्या बाबतीत वेळ, मोकळ्या ठेवता येतात. तुम्ही मराठीत मजकूर बदलला पण नोंद जुन्या इंग्रजी मजकुराचीच असेल, किंवा नोंदलेल्या मजकुरात एक शब्द जरी इकडचा तिकडे झाला, तर तो वाटेतच अडवला जातो. तेव्हा आधी मजकूर पक्का करा, व्यवस्थापकांना आणि शिपाईमामांना वाचायला द्या, आणि मगच नोंदीला पाठवा. नंतर शब्द बदलायचा म्हणजे पुन्हा मंजुरी. तोवर टेलिग्रामवर मेसेज चालू ठेवा, तिथं मजकुराची नोंद लागत नाही.